भिंतीवरची पाती

लवूने वायरीचे आवरण दातांनी सोलले, उघडी तार डायोडच्या काळ्या तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली आणि पीळ दिला. गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या खांबावरची पवनचक्कीची तीन पाती थरथरली, मग संथपणे फिरू लागली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. पलीकडच्या इमारतीत वाळत घातलेली चादर लोंबत होती तशीच लोंबत राहिली.

तो काळा तुकडा पात्यांची वीज बॅटरीत जाऊ देई, परत फिरू देत नसे. आता तो अडसर उरला नव्हता. आजवर पाती बॅटरी भरत होती. यापुढे बॅटरी पात्यांना फिरवणार होती.

पुनर्विकासासाठी चारकोपच्या त्या इमारतीतली बाकी सगळी बिऱ्हाडे पावसाळ्याआधीच उठून गेली होती आणि त्यांच्यामागोमाग वीजही गेली होती. नव्या घराची लेखी हमी मिळेपर्यंत उंबरठा सोडायचा नाही, हा लवूचा हट्ट. प्लास्टिकचे पाइप चिरून त्याने स्वतः पाती घडवली. पावसाळाभर खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने एक दिवा, एक पंखा आणि बायकोच्या, शेवंतीच्या, हवेच्या गादीचा पंप चालवला. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या शेवंतीची पाठ त्या गादीमुळेच शाबूत होती.

शेवंतीने पहिल्याच दिवशी अट घातली होती.

"तुमचो गच्चीवरचो पंखो फिरता तवसर हय रवतंय. थांबलो की भांडुपाक, सिद्धेशाकडे."

दुपार कलली की पात्यांची सावली समोरच्या रिकाम्या विंगच्या भिंतीवर पडे आणि खिडकीशी निजलेली शेवंती ती पाहत राही. ऑक्टोबर आला आणि वारा पडला. त्या दिवसापासून लवू रोज दुपारी तार जोडायला आणि संध्याकाळी सोडायला गच्चीवर जाऊ लागला. रात्रीच्या एखाददुसऱ्या झुळकेने बॅटरीत थोडी वीज साचे; पात्यांना देऊन उरलेल्या विजेवर पंप थोडा वेळ घुरघुरे आणि गप्प होई. तेवढे पुरेल, असे लवूने स्वतःला बजावले होते.

रविवारी सिद्धेश आला. चार जिने चढून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बाबा, वाट लागली आहे या बिल्डिंगची. जिन्याचे कठडेपण काढून नेले. आईला काही झालं तर खाली कशी न्यायची, सांगा ना?"

"तुझ्या खोलीत मावणार कुठे आम्ही?"

"मी बाहेर झोपेन. तो माझा प्रश्न आहे."

लवूने खिडकीकडे बोट केले. भिंतीवर सावली फिरत होती.

सिद्धेशने खिडकीबाहेर तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"वारा तर नाहीये."

लवू काही जुळवून बोलणार, इतक्यात शेवंती म्हणाली,

"खाली नसता. वरती आसता वारो. पंखो फिरता, मगे मी कित्याक येऊ? तू जा बाबा, जेवणाक उशीर होयत."

सिद्धेश एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहून निघून गेला. बायको आपल्या बाजूने बोलली, या समाधानात लवूने त्याची पावले खालपर्यंत ऐकली.

मग तो तिला कुशीवर वळवायला वाकला. रोज सकाळी ती आपणच म्हणे, की नको, बरी आहे अशीच. आज त्याने ऐकले नाही. खांद्याखाली हात सरकवला तो थेट खाटेच्या फळीला लागला. गादी रिकाम्या पिशवीसारखी चपटी झाली होती. लुगडे कमरेखाली चिकटले होते. ते त्याने सोडवले, तेव्हा शेवंतीने ओठ आवळले. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी उरली नव्हती.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. तिची नजर भिंतीवरच होती. "अशी निजल्यार सावली दिसता."

लवूने ओले फडके तिच्या पाठीवर ठेवले. हात पुसले. मग तो गच्चीवर गेला.

तारेचा पीळ त्याने उलट्या दिशेने उकलला. पाती दोन फेरे घेऊन थांबली. पलीकडची चादर अजून तशीच लोंबत होती. तो कठड्याशी उभा राहिला. मग जिना उतरला, एकेका पायरीवर भिंत धरत.

शेवंतीने मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवर तीन पाती निश्चल पडली होती.

"पडलो काय वारो?" तिने विचारले.

"पडलो."

तिने डोळे मिटले.

"मगे माझी लुगडी बांधूक घेवा," ती म्हणाली. "आणि सिद्धेशाक हाक मारा. अजून लांब गेलो नसतलो."