टोपल्याखालची फुलं

मंगरूळपीरच्या कचेरीत शिपाई असलेला देवमन शनिवारी दुपारी एस.टी.नं घरी आला. त्याला पाहताच बायकोनं, भागिरथानं, अंगणातल्या सुपावर झटकन टोपलं पालथं घातलं. देवमनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तिनं चहा केला. हरभऱ्याचा होळा भाजून पुढं ठेवला. गरम घाटे सोलून तोंडात टाकताना त्याचं सारं ध्यान टोपल्याकडं. ती पाण्याला गेली तसं त्यानं ते उचललं. खाली पळसाची फुलं, होळीचा रंग करतात ती.

होळी आठ दिवसांवर होती. बौद्ध झाल्यापासून वस्तीनं होळी सोडलेली, आणि देवमन विहाराच्या पंचांतला. पळसाचं पिवळं पाणी घरात सापडलं म्हणून मागच्याच रविवारी त्यानं म्हाताऱ्या पुंजाजीला भर बैठकीत उभं केलं होतं. उद्या सांजेला पुन्हा बैठक. ही फुलं कोणी पाहिली तर आपण कोणत्या तोंडानं बसणार?

रविवारी दुपार कलल्यावर तो उन्हात खाटेवर पडून, डोळे किलकिले करून तिच्यावर नजर ठेवून होता. तिनं फुलं हंड्यात टाकली, खाली जाळ केला.

"काय शिजवून राह्यली वं?"

"पानी."

"रंग व्हय का?"

भागिरथानं फुंकणी खाली ठेवली. "दोन दिस घरी येता अन् पोलिसावानी पाहून राह्यले. ऊन लागलं का तुमच्या पाठीवर घामोळ्या उठते. मायी माय या पान्यानंच न्हाऊ घाले."

"मंग झाकलं काहून?"

"वाऱ्यानं उडते म्हून. बसा त्या दगडावर."

तो बसला, पण मन मानेना. मग कोमट पाणी पाठीवरून उतरलं, तिचा खरबरीत तळवा खांद्यांवरून फिरला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

सांजेला ओल्या अंगावरच पांढरा सदरा चढवून तो विहारात गेला. पुंजाजी बराच वेळ त्याच्याकडं बघत होता.

"देवमनजी, कालर पिवळी कशानं झाली?"

साऱ्या माना वळल्या. हळदीचं नाव देवमनच्या ओठावर आलं होतं.

"बायकोनं पाठ धुवून देल्ली," तो म्हणाला. "पळसाच्या पान्यानं."

कोणीतरी दुपट्ट्यात हसलं. पुंजाजी हसला नाही.

"मायी नातबी त्यानंच न्हाये. तुमी इचारलंच नाई."

"चुकलं," देवमन म्हणाला. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.