शंभर टक्के समाधानी

नव्या धोरणात बीएच्या मुलांनाही गणित लागलं, तेव्हा सर्वांत जास्त धक्का मुलांना बसला आणि त्याखालोखाल मधुवंती घाटे मॅडमना. आजवर मॅडम एका शिक्षणसंस्थेच्या विज्ञान कॉलेजात शिकवत होत्या. आता त्यांना त्याच संस्थेच्या प्रतापनगरच्या कला कॉलेजात धाडलं.

पहिल्याच तासाला कोराडीहून बसने येणारी वंदना उभी राहिली. "मॅडम, गणित सुटावं म्हणून तर आम्ही आर्ट्सले आलो. अन् तुम्ही इथंही येऊन राहिल्या!"

मॅडमना हसू आलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि तेलाची एक जाहिरात वाचून दाखवली. केस गळणं दोनशे टक्के कमी.

"म्हणजे काय होईल?"

"शेजाऱ्याचे केसही आपल्या डोक्यावर येतील," मागून ऋषी म्हणाला.

वर्ग हसला, आणि शिकू लागला. रोज कोणीतरी एखादी जाहिरात, एखादी बातमी आणायचं आणि "किती जणांपैकी?" असं विचारायचं.

प्राचार्य रवींद्र सरांनी मॅडमना बोलावलं. "शिकवा, पण गणितासारखं नको. आकडे जरा कमी वापरा. मुलं प्रश्न फार विचारू लागलीत."

महिन्याभरात मूल्यांकन समिती आली. सभागृहात सरांनी पडद्यावर ठळक अक्षरं झळकवली: गणिताबाबत शंभर टक्के विद्यार्थी समाधानी. समितीने माना डोलावल्या. मॅडम जमिनीकडे बघत बसल्या.

"सर," वंदना उठली, "किती जणाले विचारलं?"

"प्रातिनिधिक नमुना घेतला, बाळ."

"हो, पण किती?"

सरांनी घाम पुसला. "सध्या एक. आपला पुष्कर."

पुष्कर हा सरांचा सख्खा पुतण्या. तो गडबडून उभा राहिला. "काका, मले तर कोणी विचारलंच नाही."

आता कॉलेजचं काही खरं नाही, असं मॅडमना वाटलं. पण समितीच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थ्यांत चिकित्सक वृत्ती रुजवल्याबद्दल कॉलेजला सर्वोच्च श्रेणी मिळाली. सरांचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी चिकित्सेचं महत्त्व तासभर समजावलं आणि प्रश्नांसाठी वेळ उरला नाही.

दुसऱ्या सत्रात मॅडमची विज्ञान कॉलेजात परत बदली झाली. बीएला गणिताऐवजी 'अंकांतून आनंद' हा विषय आला. परीक्षा नाही, सगळे पास.

मॅडमना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण विज्ञानाची मुलं फळ्यावरचं निमूट उतरवून घेत आणि परीक्षेला काय येईल एवढंच विचारत. एका दुपारी त्या वर्गात शिरल्या तर शेवटच्या बाकावर वंदना, ऋषी आणि पुष्कर.

"तुम्ही इथं काहून?"

"तिकडे आनंद सुरू आहे मॅडम," वंदना म्हणाली. "बसू का आम्ही?"

मॅडमनी दार लावून घेतलं आणि खडू उचलला.