दातांत धरलेलं कापड

बाळंत होऊन पाच दिवस झाले होते आणि या पाच दिवसांत तिला सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. आज बाळाला घरी सोडणार होते. कुणाच्या घरी, एवढंच ठरायचं होतं.

तिचा डावा हात जन्मापासूनच कोपराखाली चार बोटं अंतरावर संपलेला. लॉन्ड्रीत तिच्यासोबत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका तिला लाडाने दीडहाती म्हणत. तिथे तिच्या हाताकडे आता कुणी वळूनही बघत नसे. इस्पितळात मात्र फॉर्म होता. सिस्टरसमोर बाळाला एकटीने अंघोळ घालून दाखवायची. जमलं तर सही, नाहीतर बाळ जबाबदार नातेवाइकाच्या ताब्यात. नवरा कामावर, लांब. जबाबदार नातेवाईक म्हणजे जाऊबाई. त्या दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन सकाळपासून बसल्या होत्या.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. चालायला लागली की आणून देईन. माझी दोन्ही मोठी झाली, हात रिकामेच आहेत."

"माझा एकच आहे ताई, तो तरी रिकामा करू नका."

तिने तयारीत कसूर केली नव्हती. नऊ महिने जेवणाच्या सुट्टीत ओल्या टॉवेलांची तीन किलोंची वळकटी टबात बुडवायची, चोळायची, बाहेर काढायची. वळकटी एकदाही निसटली नाही.

तिने बाळाला डाव्या कोपरात घेतलं, साबण लावला, पाण्यात उतरवलं. आणि बाळाची मान कचकन मागे गेली. टॉवेलाला मान नसते. नऊ महिन्यांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं बाई गं!" जाऊबाई उठल्याच. सिस्टरने डोकं झेललं. बाळाने टाहो फोडला. "बघितलंत ना सिस्टर? मी म्हणतच होते."

सिस्टर कालपासून घरी गेली नव्हती. पेन 'नाही'च्या चौकटीवर येऊन थांबलं. "मला कुणाचं लेकरू हिरावायची हौस नाही हो. पण उद्या काही झालं तर उत्तर मी देणार."

"एकदाच अजून."

"पाणी गार झालंय."

"बदलते."

तिने टब एका हाताने कलता करून रिकामा केला, मगाने पुन्हा भरला. टाके ओढत होते. मग तिने धुवट सुती दुपटं पाण्यातून पिळून काढलं. साबणाचं अंग निसटतं, ओलं सुती कापड चिकटून राहतं. लॉन्ड्रीत रोज तेच तर हाताळत होती. दुपट्याचा एक कोपरा दातांत धरून तिने दुसरा बाळाच्या काखेखालून, मानेमागून घेतला आणि वर आणून तोही दातांत घेतला. मान झोळीत बसली. डावं कोपर बाळाखाली, उजवा हात मोकळा.

"अगं, दात निसटले तर?" जाऊबाई म्हणाल्या. "काही बोलशील का नाही?"

ती कशी बोलणार? तिने नुसत्या भुवया उडवल्या. सिस्टरला हसू आलं.

कान, काखा, मांड्यांच्या वळ्या. बाळ रडत होतं, मग रडायचं थांबलं. पुसून गुंडाळून ठेवेपर्यंत अर्धा तास गेला होता.

"इतका वेळ रोज?" सिस्टरने विचारलं.

तिने दातांतलं कापड काढलं. हिरडीतून रक्त आलं होतं. "रोज."

सिस्टरने सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्या उशाशी ठेवून पुढच्या खाटेकडे गेली.

जाऊबाई पिशवीचे बंद बांधत होत्या. गाठ बसत नव्हती. "बरं. येते मग मी."

तिने कागद उलटून पाहिला. आता उद्याही अंघोळ, परवाही अंघोळ. जबडा ठणकत होता, डोळे आपोआप मिटत होते.

"ताई, थांबा ना. हिला घ्या जरा. मला झोपायचंय."

जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली. "किती वेळ घेऊ?"

"भूक लागली की उठवा," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.