सगळ्या फुल्यांवर

'ज'चं पोट फुगलेलं आणि शेवटच्या 'ई'ची शेपटी पार खालच्या ओळीत उतरलेली... ती निळ्या शाईची सही दीक्षा कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. जनकाबाई. आईची सही. चुकीच्या जागी.

हिंगोलीच्या बँकेत, भिंतीकडेच्या बाकावर ती बसली होती आणि मांडीवर शैक्षणिक कर्जाचा फॉर्म होता. कारकुनानं परवा पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, इथं विद्यार्थिनी, इथं पालक. आणि आईनं एकूण एक फुलीवर सही ठोकली होती, दीक्षाच्या जागेवरसुद्धा. सकाळी कनेरगाव नाक्यावर एसटीत चढताना पिशवी हातात देत आई म्हणाली होती, "जिथं जिथं फुली व्हती तिथं तिथं केली बरं. एक बी सोडली न्हाई." बोलण्यात असा काही तोरा होता की फॉर्म उघडून बघायचं दीक्षाला सुचलंच नाही.

"खराब केला ना," कारकून म्हणाला. "नवीन घ्या. पण उद्या शेवटची तारीख आहे, बराबर भरून आणा."

उद्या. पिशवीत दुसरंही पत्र होतं, सरकारी दवाखान्याच्या दीड वर्षाच्या एएनएम नर्सिंगला दीक्षाचा नंबर लागल्याचं, आणि त्यावरची होकाराची सहीही उद्याच द्यायची होती. तिथं फी नावालाच. नांदेडचं खाजगी कॉलेज तीन वर्षांचं, मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स करणारं... आणि दीड लाखाचं. आई ढाब्यावर कांदे चिरून, भाकरी थापून महिन्याला बाराशे आणते. शिकूनही नोकरी लागली नाही, तर बँकेचा माणूस ढाब्याच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहील आणि आई पदराला हात पुसत बाहेर येईल — आठवडाभर हेच चित्र तिचा पिच्छा पुरवत होतं. त्यापेक्षा एएनएम काय वाईट? लशीची पेटी खांद्याला लावायची, गावं फिरायची, कुणाचं देणं नाही, घेणं नाही. मग तो वॉर्ड का दिसत राहतो? बाबा शेवटचे अकरा दिवस नांदेडला ज्या वॉर्डात होते, तिथली ती उंच सिस्टर, मोठ्या डॉक्टरांनाही थांबवून "आधी यांचं बघा" म्हणणारी... मला ती व्हायचं आहे. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

फॉर्मला कांद्याचा वास येत होता. तिनं तो नाकाशी नेला — आणि विहाराच्या ओसरीवरची ती दुपार अलगद येऊन शेजारी बसली. साक्षरता अभियानाच्या पाट्या आल्या होत्या. शिकवणारे सर पंधरा दिवसांत यायचे बंद झाले आणि आठ वर्षांची दीक्षा आपल्याच आईची मास्तरीण झाली.

"माह्या हाताला भाकर कळते माय, हे न्हाई कळत."

"काहून न्हाई कळत? गिरव!"

काय तो रुबाब! एकदा तर तिनं आईच्या बोटांवर पेन्सिल मारली होती. आई हसली होती, आणि पुन्हा गिरवायला लागली होती. आज ते आठवून दीक्षाचे कान तापले. पण काय दुपारी होत्या त्या! बाबा होते. ओसरीच्या पायरीवरून हाक मारायचे, "बाई, सुट्टीत आमाला चहा भेटन का?" आणि आई पाटीआड तोंड लपवायची.

तिनं पुन्हा सहीकडे पाहिलं. हा पोट फुगलेला 'ज'... हा आईचा कुठला? हा माझा. मी असाच काढून दिला होता. आणि 'ई'ची शेपटी खाली उतरली होती ती पाटीवरची जागा संपली म्हणून. आईनं तीही तशीच, शेपटीसकट, दहा वर्षं सांभाळली. माझं अक्षर पुढं सुधारलं, सरळ झालं, बोर्डाच्या पेपरात मार्क मिळवून आलं. आईच्या हातात मात्र मी अजून आठ वर्षांचीच आहे.

आई बेधडक दीक्षाच्या जागेवर जाऊन बसली होती, आणि ती स्वतः मात्र आठवडाभर आईच्या जागेवर बसून घाबरत होती.

कारकुनानं नव्या फॉर्मवर फुल्या मारल्या. "तो जुना द्या इकडं, फाडून टाकतो."

"न्हाई," ती एकदम म्हणाली. "असू द्या."

दोन्ही फॉर्म आणि ते पत्र पिशवीत घालून ती स्टँडवर आली. वाशिमची गाडी लागायची होती. आता नाक्यावर उतरायचं, ढाब्याच्या मागच्या दाराशी जायचं. आई पदराला हात पुसत बाहेर येईल... "चुकलं का व्हय माय?" म्हणेल. त्यावर काय सांगायचं? कुठला कागद पुढं करायचा? ते अजून ठरत नव्हतं. पण आई, ही एक फुली माझी हाय... एवढं वाक्य तोंडात येऊन थांबलं होतं, आणि गाडीची वाट बघत बसलेल्या दीक्षाचं बोट गुडघ्यावर आपलंच नाव गिरवत होतं.