पोटात हळद असलेला माईक

मित्रांनो, मी एक दमलेला माईक हाय. जुना तर हायच, पर त्येचं मला काय वाटत न्हाई. दमलोय मातर लय. सांगलीत हुसेनभाईच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात मी पडून असतो. अंगाखाली एक फडकं आणि शेजारी तुटकी वायर, एवढाच माझा संसार. कवातरी डबा उघडतो, उजेड आत येतो, कोणतरी म्हणतं, "ह्यो पिवळा नगं, दुसरा दे," आणि डबा परत मिटतो.

मी पिवळा कसा झालो, त्येच सांगायचं हाय तुमाला.

माझा जनम परदेशातल्या एका कारखान्यात झाला. गावाचं नाव काय मला घेता येत न्हाई, जीभच वळत न्हाई. आमी दोघं जुळं भाऊ एकाच डब्यात, एकमेकाकडं तोंड करून झोपलेलो. हुसेनभाईचा थोरला भाऊ महंमद बोटीवर नोकरीला हुता. त्येनं एक मोठा टेपरेकॉर्डर आणला, गाडीच्या चाकासारखी दोन रिळं फिरणारा. त्येच्यासंगं आमी दोघं आणि कानावर घालायचा एक हेडफोन.

"दोन माईक कशाला रं? माणूस तर एकच बोलतो," हुसेनभाईनं इचारलं.

"तुला कान किती हायती?" महंमद म्हणाला.

"दोन."

"मग? ह्यो तुझा डावा कान, ह्यो उजवा. दोन्हीचं येगळं भरतंय आणि हेडफोनात येगळंच ऐकू येतंय."

हुसेनभाईनं लय हौसेनं आमाला घेतलं. पर दुकान लाऊडस्पीकरचं. लगीन आलं, सभा आली, गणपती आला की आमची वरात निघायची. माणूस माईकपुढं आला की पयलं काय करतो, म्हाईत हाय? फुकतो. मग बोटानं टकटक करतो. तंबाखूचा वास, चहाचा वास, थुकीचं शिंतोडं, समदं मी तोंडावर घेतलंय. एका सभेत तर एका पाव्हण्यानं मला गळ्याला धरून दीड तास हालीवला. तवापासनं माझी मान ढिली हाय. कवा कुणी कौतुक केलं बी असंल, "आवाज काय खणखणीत हाय," असं. पर त्ये कौतुक बोलणाऱ्याच्या आवाजाचं. आमच्याकडं बघतंय कोण!

आसं दोन-तीन वर्सं गेली. मग शहात्तर साली ज्योतिबाआण्णा दुकानात आला.

ज्योतिबाआण्णा माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. मेंढरं राखणारा माणूस, आणि गजी ढोल वाजीवणारा. गळ्यात ढोल अडकवून, एका हातात टिपरू आणि दुसरा हात उघडा, आसं वाजवत नाचायचं आणि म्होरं माणसं फेर धरून नाचायची. सांगलीकडच्या लग्नांत जत्रांत त्यो वाजवायला यायचा, तिथंच हुसेनभाईची वळख. संगं त्येची बायकू, बनुबाई. बारीक चणीची, तोंडानं तिखट. नवरा ढोलाला हात लावायचा अवकाश, ही कनवटीचा कापूस काढून दोन्ही कानांत कोंबायची. समद्यांदेखत.

"चाळीस वर्सं ह्यो धडधडाट ऐकतीया," म्हणायची. "थांबा म्हणलं तर थांबत न्हाईत. डोकं उठीवलंय नुसतं."

आण्णा हासायचा. त्येला आता तिचं बोलणं धड ऐकू येत बी नव्हतं. जलमभर ढोलाशेजारी कान ठिवून डावा कान ठार झाला हुता. उजवा बी चालला हुता. डॉक्टरानं सांगितलं हुतं, वरीसभरात त्यो बी जाईल.

त्या दिवशी दुकानात बसून आण्णानं चहाची बशी खाली ठिवली आणि म्हणाला, "हुसेन, एक इचारू का? माझा ढोल समोरनं कसा ऐकू येतो रं?"

"लय झ्याक येतो की आण्णा!" हुसेनभाई त्येच्या उजव्या कानात वरडला.

"तसं नगं. तुमी समदी समोर बसता. मी कवा बसलोय? मी ढोलाच्या मागं. मला निस्तं छातीत ऐकू येतंय. कान हाईत तवर एकदा समोरनं ऐकायचा हाय."

बनुबाई म्हणाली, "म्हातारपणी काय खूळ डोक्यात शिरलंय बघा." पर हुसेनभाई उठला आणि आमचा डबा खाली काढला.

गडबडीच्या गावात निवांत खोली कुठं मिळायची? नानासो म्हणून हळदीचे एक व्यापारी हुते, त्येंचं गोदाम रिकामं पडलं हुतं. दुपारी हमाल जेवायला गेलं की तिथं चिटपाखरू नसायचं. तिथं आमाला नेलं. उंच पत्रा, दगडी भित्ती. हुसेनभाईनं एक टाळी वाजीवली तर चार टाळ्या परत आल्या.

पयली चूक हुसेनभाईनंच केली. सवय लाऊडस्पीकरची. मला घेतला आणि ढोलाच्या तोंडाला सुतळीनं बांधला. आण्णानं टिपरू मारलं आणि माझ्या पोटात काय झालं, काय सांगू! निस्ता कागद फाटल्यागत आवाज. मग त्येनं आमाला नेऊन दाराशी ठिवलं. तर ढोल ऱ्हायला बाजूला, पत्राच वाजाय लागला.

हुसेनभाई डोकं खाजवत बसला. मग उठला, हेडफोन ठिवून दिला आणि आण्णाला म्हणाला, "तुमी वाजवा, मी फिरतो." आण्णा हळूहळू वाजवत ऱ्हायला आणि ह्यो माणूस समद्या गोदामात फिरला. वाकून, उकिडवा बसून, एक कान झाकून, दुसरा झाकून. बनुबाई म्हणाली, "काय हरवलं म्हणायचं ह्येचं?"

एका जागी त्यो थबकला. आण्णापासनं पाच-सहा पावलं म्होरं. "हितं! हितं ढोल बी हाय आणि खोली बी हाय," म्हणाला. मग सुतळी आणली. एक टोक ढोलाच्या मधोमध धरलं, दुसरं माझ्या तोंडाला लावलं, गाठ मारली. त्याच मापानं माझ्या भावाचं तोंड मोजलं. दोघं सारखंच लांब पायजेत, एकाला आवाज आधी आणि एकाला मागनं नगं, आसं त्येचं गणित. वरच्या लाकडाला दोर बांधून आमाला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लटकावलं. समोर बसणाऱ्याच्या डाव्या अंगाला मी, उजव्या अंगाला माझा भाऊ. माझ्याकडं टिपरूची बाजू, भावाकडं उघड्या हाताची. मागच्या भित्तीला रिकामी पोती टांगली, तवा त्या चार टाळ्या गप झाल्या.

"आण्णा, आता जागचं हालायचं न्हाई बरं का!"

"पाय हालला न्हाई तर हात कसा हालंल रं?" आण्णा म्हणाला. खरंच हुतं. एका जागी उभा केला की त्येचा ढोल मुका व्हायचा. शेवटी हुसेनभाईनं त्येच्या पायाखाली एक पोतं हातारलं. "नाचा, पर पोत्यावरच."

रीळ एकच हुतं, आणि आण्णाचा खांदा बी एकाच बारीपुरता. उजवा खांदा दुखावलेला. एकदा मन लावून वाजीवलं की आठ दिवस हात वर व्हायचा न्हाई. म्हंजे हुयाचं त्ये एकदाच.

हुसेनभाईनं टेप चालू केला आणि माझ्या भावाची गाठ घट्ट करायला गेला. तेवढ्यात आण्णानं कमरेची पिशवी सोडली. आत भंडारा, देवाची हळदीची पूड. वाजीवण्याआधी त्यो ढोलाला भंडारा लावायचा, उभ्या जलमात कवा चुकला न्हाई. ढोलाला लावला. मग आमच्याकडं बघितलं. "ह्ये बी आज माझ्यासंगं वाजणार न्हवं?" म्हणाला, आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" करून आमच्याजवळ येऊन दोघांवर एकेक मूठ भंडारा उधळला.

भावाची मूठ हुसेनभाईच्या पाठीवर पडली. माझी माझ्या तोंडावर. जाळीतनं आत, पार पोटापतूर. मित्रांनो, डोळ्यात माती गेल्यावर दिसतं ना, तसं मला ऐकू याय लागलं.

हुसेनभाईनं धावत जाऊन हेडफोन लावला आणि त्येचं तोंड उतरलं. "आवं आण्णा, थांबा! थांबा! डावा माईक बसला!"

आण्णाला काय ऐकू येतंय? डोळं मिटलेलं, टिपरू सुरू झालेलं.

"वरडू नगा," बनुबाई म्हणाली. "ह्ये आता थांबायचं न्हाईत. मी चाळीस वर्सं सांगतीया." आणि कानांत कापूस कोंबून ती येऊन माझ्याच खाली उभी ऱ्हायली.

काय वाजीवलं म्हणून सांगू! मी इतक्या सभा ऐकल्या, इतकी लग्नं ऐकली, पर तसं काय न्हाई. मेंढरं उठल्यागत, डोंगर उतरल्यागत. आणि मी हळदीनं भरलेला. टिपरूची धार माझ्यापतूर यायची आणि बोथट व्हायची. मला लय लाज वाटली. माझा भाऊ पलीकडं समदं कसं लख्ख घेत हुता.

अर्ध्यात खांदा बोलाय लागला. टिपरू हळू पडलं, मग थांबलंच. निस्त्या उघड्या हातानं आण्णा वाजवाय लागला, एकदम बारीक, पानावर पाणी पडल्यागत. घामानं चिंब झालेला. आता बसतोय का काय, आसं वाटलं. तवा मी बघितलं. बनुबाईनं एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्यातला. दोन्ही बोळं मुठीत धरलं आणि कुणाला ऐकू जाणार न्हाई आशा आवाजात म्हणाली, "वाजवा. थांबू नगा. मी ऐकती हाय."

मी तिच्या डोक्याच्या वीतभर वर. माझ्याशिवाय कुणालाच त्ये ऐकू गेलं न्हाई.

आण्णानं टिपरू परत उचललं आणि बारी पुरी केली. बनुबाईनं कापूस परत कानांत घातला.

हुसेनभाईनं रीळ मागं फिरवलं आणि आण्णाच्या कानांवर हेडफोन चढवला. माझा आवाज डाव्या कानाला, भावाचा उजव्या. म्हंजे माझं जे काय हुतं, त्ये ठार बहिऱ्या कानात गेलं. एका अर्थी बरंच झालं, खराब बाजू त्येला कळायची नव्हती.

आण्णा पोत्यावर मांडी घालून बसला हुता. आवाज सुरू झाला आणि त्येनं दोन्ही हात गुडघ्यावर ठिवलं. मग बोटं तालावर हालाय लागली.

"ह्यो मी हाय?" शेवटी म्हणाला.

"तुमीच की!"

"आयला. बरा वाजीवतो की गड्या ह्यो." मग म्हणाला, "टिपरू मातर लांब गेल्यागत वाटतंय."

हुसेनभाईचं तोंड पडलं. "त्या बाजूला हळद गेली, आण्णा. चूक झाली." आण्णानं हेडफोन काढून ठिवला. त्येच्या तोंडावर समाधान हुतं, तरी पुरतं न्हाई. एवढा लांबनं आलेला माणूस अर्धा ढोल घेऊन परत निघाला हुता, आणि त्यो अर्धा मी गिळला हुता.

हुसेनभाईनं माझी बाजू किती बिघडली त्ये बघायला हेडफोन सोताच्या कानांवर घातला. रीळ चालू. निस्त्या हाताचा त्यो बारीक भाग आला. हुसेनभाई एकदम ताठ झाला. रीळ मागं फिरवलं, परत ऐकलं. बनुबाईकडं बघितलं. मग हेडफोन उलटा केला आणि आण्णाच्या कानांवर चढवला, डावं उजवीकडं, उजवं डावीकडं.

आता माझी बाजू त्येच्या जित्या कानात. हळदीतनं येणारी, बोथट, दबकी. ढोल मागं गेलेला, आणि वीतभरावरचं त्ये बोलणं म्होरं.

आण्णानं ऐकलं. मान वर केली. "परत लाव," म्हणाला. हुसेनभाईनं लावलं. "परत." तीनदा ऐकलं. मग बायकूकडं वळला.

"काय म्हणलीस गं?"

"मी? मी कवा काय म्हणली? कानात कापूस हाय माझ्या."

"थांबू नगा म्हणलीस."

बनुबाईचं तोंड माझ्यापरास पिवळं झालं. "यस्टी चुकंल, उठा," म्हणाली, आणि त्येचा ढोल सोताच्या खांद्यावर घेतला. तिला ढोल उचलताना कुणीच कवा बघितलं नव्हतं.

हुसेनभाई बारका ब्रश घेऊन मला साफ करायला बसला, तर आण्णानं त्येचा हात धरला. "ऱ्हाऊ दे रं. लख्ख माईकानं ढोल धरला. हिला ह्येनंच धरली."

हुसेनभाईनं त्येचं ऐकलं आणि मला कवाच उघडला न्हाई. त्येची मोठी किंमत मी मोजली, मित्रांनो. हळद पोटात घेतलेला माईक सभेला चालत न्हाई, लग्नाला चालत न्हाई. माझा भाऊ कामं करत ऱ्हायला आणि कामातच मोडला. मी हितं फळीवर. आण्णाचा उजवा कान डॉक्टरानं सांगितलं तसाच गेला. त्यानंतर बी दोघं एकदा दुकानात आलती, तवा हुसेनभाईनं माझा डबा उघडून ठिवला. बनुबाई बोलत नव्हती, त्येच्या हातावर बोटांनी टिपरूगत वाजवत हुती. आणि त्यो समजून हासत हुता. तिच्या कानांत कापूस काय मला दिसला न्हाई.

आता मी दमलोय. एकच मागणं हाय. माईकात फुकू नगा, टकटक करू नगा, गळ्याला धरून हालवू नगा. आमाला बारीक बोललेलं बी ऐकू येतं. आणि कवा ह्यो डबा तुमच्या हाताला लागला, तर माझ्या वरची धूळ पुसा, वायर बदला, मान घट्ट करा. आतली हळद मातर ऱ्हाऊ द्या.