पिनच्या जागी सळई

मिक्सर गाडीला जोडायची पिन हरवल्याचं ऐन निघताना कळलं. खरं तर त्या दिवशीचं जाणं तिथंच थांबायला हवं होतं.

साल दोन हजार तीन. नुकताच शिमगा झाला होता. नाशकातल्या इंदिरानगरच्या मागच्या अंगाला तेव्हा जिकडंतिकडं इमारती उठत होत्या आणि त्यातल्याच एकीच्या तळाशी, पत्र्याच्या खोल्यांमध्ये, सविता, तिचा नवरा लखन आणि बाप मंगळू राहत होते. माणसं पेठकडची. पावसाळ्यात गावी भात-नागली करायची आणि पीक हाती आलं की नाशकात येऊन स्लॅबची कामं धरायची. लखनची स्वतःची टोळी होती. काँक्रीट कालवायचं मिक्सर भाड्याचं, आणि ते दोन चाकांचं धूड ओढून न्यायला वाल्मीकची पिकअप.

आजचं काम मात्र नेहमीसारखं नव्हतं. सविताच्या माहेरी, खडकपाड्याला, शाळेच्या नव्या खोलीवर स्लॅब पडायची होती. पाड्यावरची पहिलीच. जावई मशीन घेऊन येणार म्हणून लोकांनी ढोल काढायचं ठरवलंय असा निरोप आला होता. लखनने नवा शर्ट चढवला होता आणि सकाळपासून त्याचा पाय ठरत नव्हता.

"पिन नाय तर नाय," तो वाल्मीकला म्हणाला. "सळई घाल एखादी. इथं सळईला काय तोटा हाय?"

वाल्मीकने भंगारातून सळईचा तुकडा उचलला, मिक्सरच्या दांडीच्या आणि पिकअपच्या हुकाच्या भोकातून आरपार घातला आणि खालचं टोक हातोडीने वाकवलं. मंगळू बाजूला उभा राहून बघत होता. त्याने जाऊन कुठूनशी एक गंजकी साखळी आणली.

"ही पण लाव रे."

"बाबा, एवढ्या वर्षांत कधी लावली का आपण?" वाल्मीक हसला. तरी म्हाताऱ्याचं मन राखायला त्याने साखळी दांडीला आणि पिकअपच्या चासीला कशीबशी गुंडाळली. सिमेंटच्या गोण्या पिकअपमध्ये मावेनात, तेव्हा उरलेल्या त्यांनी मिक्सरच्या मागच्या, माल ओतायच्या हॉपरमध्ये रचल्या. सविताला ते आवडलं नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण गोण्या मागे पडल्या तशी पुढची दांडी हुकातून वर उठू बघत होती, ते तिला दिसलं होतं.

लखन पुढे वाल्मीकशेजारी बसला. बाकीचे मागे, गोण्यांवर. सविता मागच्या फळीला टेकून बसली ती बरोबर मिक्सरसमोर. ड्रमचं काळं तोंड तिच्याकडेच आ वासून होतं, आणि रस्ताभर ते तसंच तिच्यामागे येत राहिलं. शेजारी टोळीतली सगळ्यात मोठी बाई, अंबूबाई, तंबाखू मळत होती.

"काय एकटक बघतीस गं? पळून चाललंय का ते?"

"हलतंय बघ मावशी. आधी असं हलत नव्हतं."

"रस्ताच असा हाय."

सपाटीला होतं तोवर ते हलणं झोके घेतल्यासारखं होतं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. सावळ घाटात उतार लागला आणि पिकअपने वेग घेतला, तसा झोका वाढला. मिक्सर एकदा दरीच्या बाजूला गेलं, मग डोंगराच्या, आणि दर खेपेला जरा जास्तच. त्याच्याबरोबर पिकअपची मागची बाजूही सरकायला लागली. गोण्यांवरची माणसं एकमेकांना धरू लागली. सविताने गोण्यांवरून पुढे सरकत केबिनवर थापा मारल्या.

"थांबवा! अवो, थांबवा!"

गाडी थांबली नाही. उलट वाल्मीकने मध्येच ब्रेक दाबला, आणि मिक्सरने असा हिसडा दिला की अंबूबाईच्या हातातली डबी रस्त्यावर जाऊन पडली. सविता दोन्ही हातांनी केबिन बडवत होती. समोरून ट्रक आला. मिक्सरची शेपटी त्याच्या बंपरजवळून गेली. ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, तो आवाज वळणाआड गेला तरी कानात राहिला. मग वाल्मीकला काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने ब्रेक सोडला, गियर खाली टाकला आणि गाडी इंजिनावर हळूहळू ओढत उतरवली. झोका कमी होत होत थांबला.

घाट संपल्यावर एका टपरीपाशी गाडी उभी राहिली. वाल्मीक उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता.

सविता थेट दांडीकडे गेली. सळई मधोमध वाकली होती.

"हे बघा," ती लखनला म्हणाली. "ही काय टिकायची नाय. पेठेत गॅरेज असंल. पिन मिळंस्तवर थांबू."

"पेठेत थांबलो तर दुपार जाईल. खडी-वाळू भिजवून लोक बसलेत तिकडं." लखन तिच्याकडे न बघता बोलत होता. "आन मघा काय आरडाओरडा लावला होतास?"

"तुम्हाला ऐकू गेलं?"

"गेलं असतं तर थांबलो नसतो?"

मंगळू मध्ये पडला. "आधी त्या मागच्या गोण्या काढा. वजन पुढं पायजे. बैलगाडी उलाळ झाली की बैलाचं काय होतं, ठाव हाय ना?"

वाल्मीकने मुकाट्याने गोण्या पिकअपमध्ये घेतल्या. सळई काढून उलटी घातली, म्हणजे वाकलेली बाजू दुसरीकडे येईल, आणि हातोडीचे चार ठोके घातले. मग पेठ ओलांडून ते खडकपाड्याच्या कच्च्या रस्त्याला लागले. मिक्सर आता सरळ चालत होतं. कुणीतरी गाणंही सुरू केलं. सविता मात्र सळईवरची नजर काढत नव्हती. तिला वाटलं, ती प्रत्येक खड्ड्याला किंचित वर येते आहे. मग वाटलं, आपल्यालाच तसं भासतं आहे.

पाड्याच्या अलीकडे खिंडीचा चढ आहे. उभा, मुरमाचा, मधे एक वळण. वरून ढोल ऐकू येत होते. लोक खिंडीच्या माथ्यावर येऊन थांबले होते तर.

चढाच्या तळाशी गाडी हळू झाली, तशी सविताने फळीवरून खाली उडी मारली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"सगळे उतरा. चालत जाऊ. गाडी मोकळी जाऊ द्या."

"सविता, बाजूला हो." लखन खिडकीतून म्हणाला. "लोक वरून बघतायत."

"बघू द्या."

अंबूबाई गुपचूप उतरली. तिच्यामागे दुसऱ्या बायाही उतरल्या, मग गडी. लखन शेवटी उतरला तो दार आपटून. सविताने सगळ्यांना गाडीच्या पुढे घातलं. "मागं कोणी राहू नका. बा, तू पण."

"मी धोंडा घेऊन बाजूनं चालतो," मंगळू म्हणाला. "गाडी थांबली तर चाकाखाली घालायला कोणी नको का?"

"मग डोंगराच्या अंगानं चाल. मागं जायचं नाय."

"नाय जात."

वाल्मीकने पहिला गियर टाकला. पिकअप घोंघावत चढू लागली. मागे मिक्सर, त्याच्या चाकाशेजारी हातात धोंडा धरून मंगळू. वळण निघालं. वर ढोलाचा ठेका जलद झाला, कुणीतरी शिट्टी घातली. आणि वळणाच्या जरा पुढे, सुट्या मुरमावर, पिकअपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"रेटा रे!" लखन ओरडला आणि धावत मागे गेला. टोळीतले दोन गडी त्याच्यामागे पळाले. तिघांनी मिक्सरच्या हॉपरला खांदे लावले.

सविता पुढून किंचाळली, "मागं नका! अवो, मागं नका जाऊ!" ती उताराने परत पळत सुटली. इंजिनाचा आवाज, फिरणाऱ्या चाकांचा आवाज, वरचे ढोल. तिचं ओरडणं त्या तिघांपर्यंत पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. लखनच्या नव्या शर्टाची पाठ तेवढी वाकलेली दिसत होती.

मग एक बारीक आवाज झाला. बाटलीचं बूच निघावं तसा. सळई सरळ होऊन निसटली होती.

साखळीला हिसका बसला आणि पिकअप मागे बसल्यासारखी झाली. क्षणभर सगळं जिथल्या तिथं थांबलं. मंगळूने खाली वाकून चाकाखाली धोंडा सारला.

"पळा रे पोरांनो!"

दोघे डोंगराच्या बाजूला फेकल्यासारखे उडाले. लखनही वळला, पण त्याची चप्पल मुरमावरून घसरली आणि तो एका गुडघ्यावर आला. साखळीची कडी उघडली. मिक्सर धोंड्यावर चढलं, जरा डुललं, आणि पलीकडे उतरलं.

सविताने ते सगळं बघितलं. चाक लखनच्या पायावरून गेलं. मिक्सर दांडी जमिनीवर आपटत, ठिणग्या उडवत वळणापर्यंत गेलं आणि रस्ता वळला तिथं ते वळलं नाही. खालून झाडं मोडल्याचा आवाज आला, मग खडकावर लोखंड आपटल्याचा.

वर ढोल वाजतच होते. त्या लोकांना काही कळलं नव्हतं.

पुढचं सविताला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अंबूबाईने लुगड्याचा पदर फाडून गुडघ्याखाली आवळला. गड्यांनी गोण्या धडाधड रस्त्यावर फेकल्या. वाल्मीकची गाडी वळवताना दोनदा बंद पडली. ढोल मध्येच तुटला आणि माणसं खिंडीतून धावत खाली आली. गर्दीत आई होती, पण सविता तशीच लखनबरोबर गाडीत चढली. पेठेच्या दवाखान्यात पट्टी बांधून त्यांनी नाशिकला न्यायला सांगितलं. सावळ घाट परत चढताना लखनचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तो एकच विचारत होता, "मशीन कुठं हाय? मशीनचं काय झालं?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

लखनला शुद्ध नीट आली, तो दोन घास खाऊ लागला, तेव्हाची गोष्ट. सविता त्याला नागलीची पेज भरवत होती. मंगळू खाली फरशीवर बसला होता. धोंडा सारताना त्याची बोटं चेचली होती, हाताला बँडेज होतं. लखन कितीतरी वेळ पंख्याकडे बघत होता.

"घाटात तू केबिन बडवत होतीस ना," तो एकाएकी म्हणाला, "तेव्हा ऐकू येत होतं."

सविताचा चमचा थांबला.

"वाल्मीक थांबवणार होता. मीच म्हटलं, बाया घाबरतात, तू चल." त्याने ओठ चाटले. "ढोल लावला होता गं लोकांनी."

मंगळूने मान खाली घातली. उरलेली पेज सविताने भरवली, त्याचं तोंड पुसलं आणि भांडं घेऊन बाहेर आली.

बाहेर पायऱ्यांवर वाल्मीक बसला होता. तो रोज येत होता, पण आत जायचा त्याला धीर होत नव्हता. तिला बघून तो उठला.

"वहिनी, मशीन काढलं वर. ट्रॅक्टर लावून. ड्रम चेपलाय नुसता. मालक म्हणतो, होईल दुरुस्त."

"होईल," सविता म्हणाली.

"लखनभाऊ काय म्हणतो?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो जेवलेला दिसत नव्हता. "झोपलाय," ती म्हणाली. "दादा, आपल्या बाया यापुढं यष्टीनं येतील कामावर. मशीनमागं नाय, मशीनपुढं नाय. उशीर झाला तर होऊ दे."

वाल्मीकने मान हलवली.

लखन पुढे नाशकात परतला नाही. कुबडी घेऊन तो खडकपाड्यालाच, सासऱ्याच्या घरी राहिला. शाळेची स्लॅब लोकांनी हातानं माल कालवून टाकली. सविता पोटासाठी पुन्हा टोळीत आली. अंबूबाई आणि ती, दोघी यष्टीनं जायच्या. काही दिवस बाकीच्याही आल्या. मग यष्टी चुकायला लागली, टोळीचा नवा मुकादम ओरडायला लागला, आणि एकेक बाई पुन्हा पिकअपमध्ये चढू लागली. सविता रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना हाक मारायची. त्या हसून हात हलवायच्या आणि मिक्सर त्यांच्यामागून डुलत डुलत निघून जायचं.