तिरका कोपरा

सही मागायला कोणी दारात आलं की वामनरावांना नाही म्हणता येत नसे. नळाचा अर्ज असो की विजेचा डीपी बदलून मागायचा असो, पहिली सही त्यांची. माणूस जुना, शेती बरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचं नाव वर असलं की खालच्या सह्या आपोआप होतात, हे गावाला ठाऊक होतं. आणि आपलं नाव वर असलं की वामनरावांनाही मनातून बरं वाटे. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, तसंच.

भाद्रपदातल्या एका सकाळी ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ओटा त्यांनी हौसेनं बांधून घेतलेला. शहाबादी फरशीचा, दोन अंगांना पायऱ्या असलेला, फाटकाला लागून गल्लीत चांगला पुढं आलेला. तिथं बसलं की डावीकडे मोठा रस्ता दिसे, राजूरकडून येणारे कोळशाचे ट्रक दिसत, आणि अगदी समोर मशिदीचं मोकळं आवार दिसे.

कृषी केंद्रवाले हरिसिंग कागद घेऊन आले. गावातले निम्मे अर्ज त्यांच्याच हातचे असत.

"वामनभाऊ, एक सही पायजे."

"कायची?"

"हे समोर मशीद वाढवून राह्यले नं. आवारात खोली काढतात म्हणे बायांसाठी. कलेक्टरची ना-हरकत आणली, आता नगरपंचायतीत बांधकामाची परवानगी मागतली. शेजाऱ्यायच्या हरकती मागवल्या आहेत. तुमी तं एकदम समोरचे. तुमच्याशिवाय पहिली सही कोनाची घेऊ?"

वामनरावांनी कागद हातात घेतला. 'सामाजिक सलोख्यास बाधा', 'वाहतुकीस अडथळा', 'शांतता भंग होण्याची दाट शक्यता' असे भारदस्त शब्द होते. ते वाचताना त्यांच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट आली. ती म्हणजे त्यांची कापसाची ट्रॉली.

दरवर्षी वेचा सुरू झाला की कापूस घरी यायचा आणि भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत छताला टेकून राहायचा. भरलेली ट्रॉली गल्लीत सरळ वळत नसे. ट्रॅक्टरचं तोंड मशिदीच्या आवारात घालायचं, मग ट्रॉली मागं रेटत फाटकात न्यायची, अशी वर्षानुवर्षांची रीत. आवाराला त्या बाजूनं भिंतच नव्हती. तिथं खोली उभी राहिली तर ट्रॉली वळणार कुठून? मोठ्या रस्त्यावर कापूस उतरवायचा आणि मजुरांच्या डोक्यावरून गाठोडी आणायची का?

हे विचारावं असं त्यांना वाटलं. पण एवढ्या मोठ्या शब्दांच्या कागदात ट्रॉलीचं काय बोलायचं, म्हणून त्यांनी नुसती सही केली.

आत त्यांच्या पत्नी विमलताई अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"काय लिवलं होतं त्यात?"

"हेच आपलं, शांततेचं."

"कोनाच्या?"

"गावाच्या."

"गाव तं दुपारी घोरत राह्यते. त्याची शांतता कोनं मोडली?" विमलताईंनी एक काडी बाजूला टाकली. "ट्रॉली वळनार नाही, हे लिवलं का?"

"ते कसं लिहिणार? ती आपली घरची गोष्ट."

"म्हंजे खरं होतं ते घरची गोष्ट, अन् खोटं होतं ते अर्जात घातलं."

विमलताईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे वामनरावांना आणखीच अवघडल्यासारखं झालं.

"गनीभाई समोर तं राह्यतात. इथून हाक मारली तं ऐकू जाते. एकदा इचारता नाही आलं, की बाप्पा माझ्या ट्रॉलीचं कसं?"

"मले भीड वाटते."

"इचाराची भीड वाटते. सही कराची नाही वाटत." भाजीची टोपली उचलून विमलताई उठल्या, पण दारात थांबल्या. "आपल्या देवळाचा सभामंडप वाढवला तवा कोनाले इचारलं होतं? स्लॅब पडला तवाच वार्डाले कळलं. त्या दिवशी मी सोता पुऱ्या लाटाले गेलती. कोनी हरकत घेतली नाही, कारन घ्याले जागाच ठेवली नाही. अन् हे बिचारे नेमानं इचारून राह्यले, तं त्यायलेच नाही म्हनाचं? मंग उद्या कोन इचारन? सारे स्लॅब टाकूनच मोकळे होतील."

वाचकहो, या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर आहे का, हे ज्याचं त्यानं पाहावं.

गनीभाई म्हणजे अब्दुल गनी, मशीद कमिटीचे अध्यक्ष. मोठ्या रस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. हंगामात वामनरावांची ट्रॉली आली की हा माणूस हातातला पाना टाकून आवारात येऊन उभा राही आणि हातवारे करत ओरडे, "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडं... बस!" ते कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी त्यांचे आभारही मानले नव्हते. शेजारात असल्या गोष्टींचे आभार मानत नाहीत.

सही केल्यापासून वामनराव ओट्यावर बसेनासे झाले. पेपर आतच वाचू लागले. एका शुक्रवारी नमाज आटोपून गनीभाई फाटकाशी थांबले.

"वामनभाऊ, चार-पाच दिस झाले, ओटा रिकामाच दिसून राह्यला."

"जराशी कणकण आहे."

"जपा मग. अन् टॅक्टर पाठवून द्या गॅरेजवर. वेचा लागाच्या आधी ऑइल बदलून टाकू. मागच्या साली ऐन वक्तावर बसली होती गाडी."

एवढं बोलून ते गेले. यांना माहीत असेल का? असेल तर बोलले का नाहीत? नसेल तर कळल्यावर काय वाटेल? वामनराव दुपारभर याच विचारात होते. ट्रॅक्टर मात्र त्यांनी पाठवला नाही.

पुढच्या आठवड्यात जागेची पाहणी ठरली. नगरपंचायतीच्या इंजिनिअर उर्वशी मॅडम टेप घेऊन आल्या. मशिदीच्या आवारात सकाळीच चुन्यानं आखणी करून ठेवली होती. हरिसिंग पाच-सहा सह्यावाल्यांना घेऊन उभे होते. गनीभाईंच्या पत्नी जोहराबी आणि दोन-तीन बाया मशिदीच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. वामनरावांना जावंच लागलं. विमलताईंनी त्यांची टोपी आणून हातात दिली होती आणि स्वतःही मागोमाग आल्या होत्या.

मॅडमनी अर्ज उघडला. "पहिली सही वामनराव. कोण तुमच्यापैकी?"

वामनराव अर्धं पाऊल पुढं आले. गनीभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते खाली चुन्याच्या रेघेकडे पाहत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. आधीपासून माहीत होतं, आणि तरी ते ऑइल बदलायचं बोलून गेले होते.

"काका, तुमची नेमकी अडचण काय? कागदावरची मी वाचली. तुमची सांगा."

शांतता म्हणावं, तर समोर सगळे शांत उभे होते.

मॅडमनी थोडी वाट पाहिली आणि त्या आखणीकडे वळल्या. रेघेवरून चालत गेल्या आणि गल्लीकडच्या टोकाला थांबल्या. "हा कोपरा तिरका का कापलाय? नियमानं सोडायची जागा तुम्ही आधीच सोडली आहे. इथं भिंत सरळ घेता येते. उगाच खोली लहान होतेय."

"राहू द्या, मॅडम," गनीभाई दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "तसंच ठीक आहे."

"मला कारण लिहावं लागेल."

गनीभाई पुन्हा रेघेकडे पाहू लागले. शेवटी जोहराबी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"हे नाही सांगनार. मी सांगते. त्या कोपऱ्यातून वामनभाऊंची कापसाची ट्रॉली वळते. भिंत सरळ घेतली तं टॅक्टरचं तोंड फसते. यायनं गॅरेजातला टॅक्टर इथं आणून, वळवून वळवून माप घेतलं, अन् मग कोपरा कापला. आमची बायांची एक अख्खी सफ गेली त्यात." मग मॅडमना कळावं म्हणून त्या म्हणाल्या, "सफ म्हंजे नमाजाची ओळ. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून बाया येतात. लेकरं घेऊन उन्हात बसतात, टेकाले जागा नाही. त्यायच्यासाठी खोली. मी भांडली यायच्यासंग. तं म्हणे, इतक्या सालापासून वळते ती ट्रॉली, नमाजाच्या खोलीनं अडवाची का? खोली थोडी लहान झाली तं नमाज लहान होत नाही म्हणे."

केवढी ही गोष्ट! ज्या भीतीपोटी वामनरावांनी हरकत घेतली होती, ती भीती शेजाऱ्यानं न सांगता ओळखली होती. अर्ज लिहिला जाण्याआधीच तिची सोय करून ठेवली होती, आणि हरकत आल्यावरही ती सोय मोडली नव्हती.

वामनराव त्या तिरक्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर रेघ ओलांडून गल्लीत आली, गल्लीतून आपल्या फाटकापाशी आली, आणि तिथं अडली. इतकी वर्षं ते ओट्यावर बसून आवाराकडे पाहत आले होते. आवारात उभं राहून ओट्याकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "गल्लीची रुंदी कागदावर किती आहे?"

"वीस फूट."

"मोजा बरं इथं."

टेप लागला. "पंधराही भरत नाही. मध्ये हा ओटा आहे. कुणाचा?"

"माझा." वामनरावांचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू गेला. "तुमी इचारलं नं, अडचण काय? माझी अडचण माझाच ओटा आहे. तो काढला तं ट्रॉली गल्लीतूनच वळते. त्यायचा कोपरा सरळ करा."

गनीभाईंचा चेहरा एकदम कसानुसा झाला. "अरे वामनभाऊ, असं कसं? ओटा कायले तोडता? सकाळी बसता कुठं मग?"

"तुमच्या गॅरेजात बसीन. चहा तं पाजसान?"

"चहा पाजीन, पण तुमी माझ्या पोरायले पेपर वाचून दाखवसान. कामं बंद पडतील माझी."

पायऱ्यांवरच्या बाया पदराआड हसल्या. गनीभाई मात्र गल्लीत उतरले, ओट्यापासून आवारापर्यंत पावलं टाकून आले, मान वाकडी करून एक डोळा मिटला, आणि मिस्त्रीच्या सुरात म्हणाले, "वळते. जरा सांभाळून घ्यावं लागन, पण वळते."

"अन् या अर्जाचं काय, वामनभाऊ?" हरिसिंगांनी हळूच विचारलं. मॅडमच्या हातातला टेप आता मोठ्या रस्त्याकडे जातो की काय, याचा ते अंदाज घेत होते; त्यांच्या दुकानाचं टिनाचं शेड तिकडेच बाहेर आलेलं होतं.

"तो अर्ज तुमच्या शब्दातला होता, हरिसिंग. मी माझ्या शब्दात दुसरा देतो."

विमलताई मागून म्हणाल्या, "अन् हरिसिंगभाऊ, तुमची अडचण काय होती, ते तं राहूनच गेलं."

हरिसिंग तसा माणूस वाईट नव्हता. "खरं सांगू का, वयनी," ते म्हणाले, "मले काहीच नव्हती. लोक म्हणत होते, म्हणून लिवलं." बाकीच्या सह्यावाल्यांपैकी दोघांनी माना डोलावल्या, एकजण घड्याळ पाहत निघून गेला. सगळ्यांचंच मन एका सकाळीत बदलतं असं नाही.

घरी येऊन वामनरावांनी अर्ज लिहायला घेतला. इतरांच्या अर्जांवर आयुष्यभर सह्या केल्या, पण स्वतःचा अर्ज लिहायला त्यांना दोन कागद फाडावे लागले. तिसऱ्यावर एवढंच राहिलं: 'मी समोरचा रहिवासी. माझी हरकत मी परत घेतो. माझा ओटा गल्लीत आहे, तो मी स्वखर्चानं काढतो. खोलीची भिंत सरळ असावी.' विमलताईंनी वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे झालं लिवनं."

ओटा फोडला त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. घणाचा पहिला घाव बसला तेव्हा ते आत निघून गेले. पण शहाबादी फरशा त्यांनी फुटू दिल्या नाहीत, एकेक सोडवून घेतल्या. परवानगी आली, काम लागलं, भिंत सरळ उठली, आणि त्या फरशा खोलीच्या दाराशी, बाया चपला काढतात तिथं बसवल्या गेल्या. बाजाराच्या दिवशी आता तिथं लेकरं खेळतात. जोहराबी विमलताईंना सांगतात की गेलेली सफ परत आली, आणि तीही आता पुरत नाही. वामनराव सकाळी गॅरेजात बसतात. पेपर मनातल्या मनात वाचतात, अशी अट आहे.

शेजाऱ्याच्या कामाला हरकत घ्यायचा हक्क कायद्यानं आपल्याला दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. म्हणूनच तो उसन्या शब्दांत वापरू नये. सही करण्याआधी उठावं, गल्ली ओलांडावी, आणि आपली खरी अडचण, ती कितीही छोटी असो, आपल्या तोंडानं सांगावी. आणि तिथं उभं राहिल्यावर मागं वळून एकदा आपल्या दाराकडेही पाहावं. नेमानं परवानगी मागणारा माणूस आपल्याला विचारत असतो. विचारणाऱ्याचा मान राखला, तरच गावात विचारायची रीत टिकेल.

दिवाळीच्या आधी वामनरावांची कापसाची पहिली ट्रॉली आली. गल्ली मोकळी होती, ड्रायव्हर सरावाचा होता, मदतीची काही गरज नव्हती. तरी गनीभाई पाना टाकून आलेच. गल्लीच्या मधोमध उभे राहून हातवारे करत ओरडू लागले, "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडं..."

ट्रॉली फाटकात शिरली.

"बस!" वामनराव आतून म्हणाले, आणि चहा ठेवायला सांगायला गेले.